श्रद्धेची दोन पानं

सोमवार, ३ मार्च

परत आला! निबंध परत आला. समासात लाल शाईने एकच ओळ — ‘यात देव कुठे आहे?’

औषधाच्या पाकिटात देव कुठून आणू मी? गोळ्यांबरोबर भरून देऊ?

चार महिने घालवलेत या पाकिटांवर. औषधाच्या दुकानात सुट्या गोळ्या घालून देतात ना, ती कागदी पाकिटं. मावशीने रक्तदाबाची सकाळची गोळी संध्याकाळी परत घेतली आणि मोरीत पडली. दोन्ही पाकिटं एकसारखी, वर दुकानदाराने पेनने काहीतरी खरडलेलं. तिला चष्म्याशिवाय दिसत नाही आणि चष्मा कधी जागेवर नसतो. म्हणून माझ्या सकाळच्या पाकिटाचा कोपरा गोल आहे आणि संध्याकाळच्या पाकिटाला खाच. बोटाला कळतं. अठरा म्हाताऱ्या माणसांकडून महिनाभर वापरून घेतलं. एकही चुकलं नाही. एकही!

तर हे बाजूलाच. डिझाइन असो, गणित असो, इतिहास असो, या ख्रिस्ती कॉलेजात शेवटच्या वर्षाला दोन पानं लिहावीच लागतात — ‘माझी श्रद्धा आणि माझं काम’. कमिटीने पास केली तर पदवी, नाहीतर घरी बसा. गणितवाले काय लिहितात देव जाणे.

मी खरं लिहिलं होतं. हे काम श्रद्धेतून नाही, मावशी पडली त्यातून आलं. चॅपेलमध्ये मी दोन वर्षं फक्त हजेरीसाठी बसते. फूटपट्टीनेच, म्हणजे आमच्या गाइड बाईंनीच सांगितलं होतं, “खरं ते लिही.”

लिहिलं. घ्या आता.

बुधवार, ५ मार्च

आईचा फोन. सांगायलाच नको होतं.

“लिहून टाक गं, काय जातंय तुझं?”

काय जातंय! म्हटलं, मला जे वाटत नाही ते लिहू का? तर म्हणे, “मला वाटत नाही तरी मी तुझ्या काकूला वाढदिवसाला फोन करतेच की.” वर सांगते, समारंभासाठी निळी साडी इस्त्रीला दिलीय. समारंभ मेमध्ये आहे!

मावशी मागून ओरडत होती, “तिला म्हणावं पाकिटं संपली, अजून पाठव.”

शुक्रवार, ७ मार्च

दुसरा निबंध दिला. पहिलं वाक्य — ‘देवाने सहा दिवसांत जग निर्माण केले, मला पाकिटाला चार महिने लागले, यावरून माझी श्रद्धा किती कमी आहे हे दिसून येते.’ रूममेट वाचून पलंगावरून खाली पडायची बाकी होती. मग एकदम गंभीर झाली आणि म्हणाली, “हे देऊ नकोस हं.”

दिला.

सोमवार, १० मार्च

डीनने बोलावलं. त्यांनी आरडाओरडा केला असता तर बरं झालं असतं. चहा दिला! स्वतः उठून कपात ओतला. माझी पाकिटं टेबलावर मांडलेली. एक-एक उचलून, डोळे मिटून, कोपऱ्यावरून बोट फिरवत होते. म्हणाले, “माझ्या वडिलांना हवी होती ही.” मग दुसरा निबंध माझ्यासमोर सरकवला. “तुला राग आलाय हे कळलं. पण ही थट्टा मी कमिटीपुढे ठेवणार नाही. एक संधी आहे अजून. एकोणीस तारीख.”

मी म्हटलं, सर, पहिला निबंध खरा होता.

“खरा होता,” म्हणाले. “पण हे कॉलेज कशासाठी आहे हे प्रवेश घेताना तू वाचलं होतंस ना? त्याखाली सही केली होतीस.”

अठरा वर्षांची होते. होस्टेलच्या फॉर्मवर, मेसच्या फॉर्मवर, दिसेल त्यावर सही ठोकली होती. हे सांगायचं सोडून चहा पिऊन आले. चांगला होता, म्हणून आणखीच राग आला.

मंगळवार, ११ मार्च

फूटपट्टीकडे गेले. बाई माझ्या गाइड आहेत, त्यांनी कमिटीत उभं राहून दोन शब्द बोलावेत एवढंच हवं होतं. दोन शब्द!

बाई स्टुडिओत ज्युनियरांची कामं बघत होत्या. भिंतीवर कागद लावलेले आणि नेहमीसारखी ती स्टीलची पट्टी हातात. प्रत्येक रेघेवर पट्टी ठेवायची आणि विचारायचं, “ही इथे का?” उत्तर नसलं की खोडायची. तीन वर्षं हेच ऐकतेय. पहिल्या वर्षी मी यावरून बाथरूममध्ये रडलेय.

माझं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणतात, “दोन पानं आहेत ती. लिही आणि मोकळी हो.”

मला वाटलं कान वाजले. म्हटलं, तुम्हीच म्हणाला होता खरं लिही!

“म्हणाले होते. चुकलं माझं. पदवी घालवण्याएवढं महत्त्वाचं नाही ते.” मग हळूच म्हणाल्या, “आम्हालाही दर मार्चमध्ये द्यावं लागतं. श्रद्धेचं निवेदन. अकरा ओळी छापलेल्या असतात, खाली सही करायची. सतरा वर्षं करतेय.”

“आणि सगळ्या अकरा ओळी पटतात तुम्हाला?”

बाईंनी पट्टी टेबलावर ठेवली. मग — “बऱ्याचशा.”

बऱ्याचशा! तळपायाची आग मस्तकात गेली माझी. ज्युनियर उभे होते, तरी थांबले नाही. म्हटलं, आमच्या पोरखेळातल्या रेघांना विचारता ना, ही इथे का? मग त्या अकरा ओळींना विचारा की एकदा! की तिथे पट्टी चालत नाही तुमची?

बाईंचा चेहरा पांढरा पडला. म्हणाल्या, “जा तू आता.” एवढंच.

गेले. पण बोलले ते बरंच झालं. कुणीतरी बोलायलाच हवं होतं.

बुधवार, १२ मार्च

अजूनही म्हणते, बरंच झालं.

गुरुवार, १३ मार्च

ज्युनियरांनी गावभर केलं. रूममेट म्हणते माफी माग. कशाची? तिला म्हटलं, जी बाई सतरा वर्षं न पटलेल्या कागदावर सही करते तिने आम्हाला प्रामाणिक काम शिकवायचं? नाकाने कांदे सोलायचे नुसते!

रूममेट म्हणाली, “त्यांच्या घरी त्यांची म्हातारी आई आहे, अंथरुणावर. नोकरी गेली तर कुठे जातील?”

हे मला माहीत नव्हतं. पण मग तसं सांगायचं ना. भिते म्हणून सही करते असं सांगितलं असतं तर मी काही बोलले नसते. खरंच नसते बोलले. बहुतेक.

आज बाई समोरून आल्या. मी मुद्दाम नोटीस बोर्ड वाचत राहिले. बोर्डावर हरवलेल्या छत्रीची चिठ्ठी होती, तीनदा वाचली.

रविवार, १६ मार्च

तीन दिवस राहिले. कागद कोरा.

आईने परत फोन केला. या वेळी निबंधाचं काही बोलली नाही. म्हणाली, मावशी सगळ्या बिल्डिंगला पाकिटं दाखवत फिरते, “माझी भाची पदवीधर होणार.” मावशी चौथी शिकलेली.

पदवी नाही तर हॉस्पिटलने देऊ केलेली नोकरीही नाही. त्यांना प्रमाणपत्र हवंय, आणि तिथे गेले तर माझी पाकिटं खरोखर छापली जातील. नाहीतर अठरा माणसांवर संपलं सगळं.

मंगळवार, १८ मार्च

लिहिला.

पाऊण तासात! मावशीला प्रार्थना करणारी केली. मावशी, जी तीस वर्षांत चर्चची पायरी चढलेली नाही आणि पास्टर दिसला की रस्ता बदलते! लिहिलं की ती मोरीत पडली तेव्हा तिने देवाला हाक मारली आणि ती हाक मला ऐकू आली. खरं म्हणजे तिने शेजारणीला हाक मारली होती, आणि हाक कसली, शिवी होती. लिहिलं की पाकिटाचा गोल कोपरा कापताना मला कुणाचा तरी हात माझ्या हातावर जाणवला. हात स्टुडिओत कागदाचं कटर चालवणाऱ्या काकांचा होता, बोट कापशील म्हणून ओरडत होते.

वाचताना कुठेही अडत नाही. सफाईदार झालाय. मला आज माझीच किळस आली. जेवले नाही.

शुक्रवार, २१ मार्च

पास! नुसता पास नाही — ‘उत्तम’. डीनने बोलावून हात हातात घेतला. डोळ्यांत पाणी होतं त्यांच्या. खोटं नव्हतं ते पाणी, हाच तर त्रास आहे. म्हणाले, समारंभाच्या दिवशी चॅपेलमध्ये हा निबंध वाचायचा. मीच. सगळ्यांसमोर. आई निळ्या साडीत समोर बसणार, आणि शेजारी मावशी!

मी ‘थँक्यू सर’ म्हणाले. दुसरं काय येतंय मला.

मी पास झाल्याचं ऐकून फूटपट्टी साधं अभिनंदन करायलाही आली नाही. चार दिवस स्टुडिओतच नाही. फुगली असेल. फुगू दे! निदान आम्ही दोघी आता सारख्याच. तिच्या अकरा ओळी, माझी दोन पानं. हिशेब मिटला.

सोमवार, २४ मार्च

ऑफिसातल्या बाईंकडून प्रमाणपत्राचा फॉर्म आणायला गेले. त्या म्हणाल्या, तुमच्या मॅडमची जागा भरायची जाहिरात टाइप करतेय, पाच मिनिटं थांब.

मग त्यांनीच सांगितलं — मॅडमनी श्रद्धेच्या निवेदनातल्या दोन ओळी खोडल्या आणि उरलेल्या नऊंखाली सही करून दिली. बारा तारखेला. म्हणजे मी स्टुडिओत बोलले त्याच्या दुसऱ्याच दिवशी. डीन दोनदा घरी जाऊन आले, अकरा ओळींचा नवा कागद घेऊन. नाही म्हणाल्या, म्हणून महिनाअखेरीस नोकरी संपतेय.

निबंधावर गाइडची सही लागते, ती ऑफिस घेतं. ऑफिसातल्या बाईंनी फाइल उघडून दाखवली. तारीख वीस. मॅडमनी ऑफिसातच उभं राहून दोन्ही पानं वाचली म्हणे, दोनदा. पेन मागितलं आणि माझ्यासाठी सही केली.