निंबाखालची वार

१२ जानेवारी
आचल — माझी नातसून, नववा महिना भरत आलेला — जेवताना म्हणाली, "आबा, आपल्या बाळाची वार मी संशोधनाले देनार हावो." माझा घास ताटात परत!

वार! बाळामागून पडते ती! बाळापूरच्या घरामागं निंबाखाली माझी पुरलेली आहे. माय बोट दाखवून सांगायची, "तिथं वार पुरली हाय." दर वाढदिवसाला अकोल्याहून जातो, निंबाला हात लावून चौथीत केलेली कविता म्हणतो —

निंबा, तुझ्या मुळाशी
माझी पहिली उशी!

गुरुजींनी वर्गासमोर दोनदा म्हणायला लावली होती. आणि पणतवंडाची उशी बाटलीत?

"आबा, ऐका त खरं—"

ऐकलं नाही. उठलो.

१३ जानेवारी
नातवाला, पियुषला, मध्ये पड म्हटलं. "तुमचं तुमी पाहा बाप्पा."

१५ जानेवारी
आज आचलनं समजावलं. अमरावतीच्या प्रयोगशाळेत तिचं काम. आईच्या अंगाला बाळ अर्धं परकं, तरी अंग त्याला हाकलत नाही. वारीत जन्मजात प्रतिकाराची जनुकं असतात. आजारबिजार काही नसताना, ठणठणीत गरोदरपणातही ती किती जागी असतात, हे तिला मोजायचंय. म्हणजे चौकीदारच की! रात्रभर काठी आपटतो, पण पाहुण्याला मारत नाही. वा! तिथल्या तिथं दोन ओळी झाल्या.

पण ठणठणीत बायांच्या वारी मिळत नाहीत. चतुराबाई म्हणून कोणाची सासू हिला म्हणाली, "आमचीच काहून मांगून राहिली? तुयी दे न आंधी!" हिनं सगळ्यांसमोर शब्द दिला. "आता तुमीच नाही म्हटलं, आबा, त मले कोन वार देईन?" डोळे भरले पोरीचे. मी त्या दोन ओळी ऐकवल्या. आणखीच भरले.

१८ जानेवारी
बाळापूर. निंबाजवळ जागा बघून ठेवावी म्हणून पावडं घेतलं. थोरली बहीण मैनाबाई खाटेवरून ओरडली, "काय उकरून राहिला रे?"

"माझ्या वारीशेजारी पणतवंडाची—"

"तुयी? अरे, थे चांदी म्हशीची वार! कुत्रे उकरतीन म्हनून माय तुले तिकडं जाऊ देत नव्हती."

"मग माझी?"

"तू पोटात आडवा बसला होता. मायले बैलबंडीत घालून अकोल्याच्या दवाखान्यात नेलं. वार नर्सबाईनं कुठं टाकली, कोनाले ठाऊक! आडवा तवाही, आताबी!"

पावडं ठेवलं. आयुष्यभर म्हशीला कविता ऐकवली!

१९ जानेवारी
आचलला म्हटलं, "घेऊन जा. आख्खी घेऊन जा." तिनं विचारलं, "एकदम कसं काय?" मी म्हटलं, "विज्ञान!" म्हैस सांगितली नाही.

२४ जानेवारी
मुलगी! दोघी छान. प्रयोगशाळेची माणसं बर्फाची पेटी घेऊन गेली. मग आचलनं पियुषकरवी झाकणाचा डबा माझ्या हातात दिला. "आबा, आमाले इवलासा तुकडाच लागते. थेच सांगत होती पयल्या दिवशी. बाकीची न्या तुमच्या निंबाखाली."

उद्या बाळापूर. निंबाखाली पहिल्यांदाच आमच्या घरचं माणूस! कविता खोटी नव्हती. जरा आधी झाली होती, एवढंच.