जामिनाचा पासपोर्ट

आई, परवा मंडळीत तुझ्या आठवणीची प्रार्थना होती. तुझ्या विश्वासाबद्दल चार शब्द बोल, असं पाळकसाहेबांनी मला सांगितलं. मी घसा बसल्याचं कारण सांगून जागेवरच राहिले. घसा ठणठणीत होता. तुला जाऊन बारा वर्षं झाली, तरी तुझ्या विश्वासाचा विषय निघाला की मला दुबईतला तो एकच आठवडा आठवतो, आणि त्या आठवड्यावरून लोक तुला जो दोष देतात तो खरा नाही.

मी चौदा वर्षांची होते. मंगळवारी दुबईच्या देरा भागात पप्पा चालवत असलेल्या कंपनीच्या पिकअपखाली रस्ता ओलांडणारा एक पठाण मजूर आला. तो बेशुद्ध होता आणि पप्पा पोलीस ठाण्यात. तो धोक्याबाहेर येईपर्यंत पप्पांना सोडणार नव्हते. सुटकेचा एकच मार्ग होता: दुसऱ्या कुणीतरी आपला पासपोर्ट जामीन म्हणून तिथे ठेवायचा. तू तुझा घेऊन धावलीस, तर खिडकीतला माणूस म्हणाला, "तुम्हारा वीज़ा तुम्हारे आदमी के ऊपर है, ये नहीं चलेगा. खलास." आपल्या ओळखीच्या सगळ्यांचे पासपोर्ट आपापल्या कंपनीच्या तिजोरीत. फक्त आपल्या मंडळीतल्या एका अंकलच्या हातात स्वतःचा होता, कारण शनिवारी दुपारच्या विमानाने ते रजेवर निघाले होते. गुरुवारी त्यांचा फोन आला. "वहिनी, उद्यापर्यंत काही झालं नाही, तर शनिवारी सकाळी माझा ठेवू. रजा काय, पुढच्या महिन्यात घेता येईल." तू रिसीव्हर ठेवलास आणि तिथेच भिंतीला टेकून बसलीस. पप्पांना साखरेचा आजार, आणि अपघाताच्या गडबडीत डाव्या पायाला लागलेलं. तुला त्या पायाचीच काळजी होती. त्यांना भेटून आलीस की आधी मला सांगायचीस, आज पाय किती सुजलाय ते.

शुक्रवारी, तिथल्या सुट्टीच्या आणि भक्तीच्या दिवशी, सकाळी तू मला वेणी घालताना बजावलंस, "आज अविश्वासाचा एक शब्द तोंडातून काढायचा नाही. मिळालंय असं समजून आभार मानायचे." मी मान हलवली, तशी डोक्यात टपली मारलीस, वेणी वाकडी होते म्हणून. चर्चच्या आवारात मल्याळी मंडळी उठली की हॉल आपला, दीड तास. साक्षीची वेळ आली. तू पदर सावरत उभी राहिलीस आणि स्वच्छ आवाजात म्हणालीस, "देवानं माझ्या नवऱ्याला बंधनातून सोडवलं. त्याची स्तुती असो." सगळे आमेन म्हणाले. आपल्यात अशी साक्ष देतात, आधीच आभार मानून. बहुतेकांना ते कळलंही असेल. पण अंकल साइटवरून उशिरा येऊन शेवटच्या रांगेत बसले होते, आणि ते साधे, शब्दाला शब्द धरणारे गृहस्थ.

शनिवारी आपण दोघी पोलीस ठाण्याच्या फाटकापाशी उभ्या आहोत. आठ वाजले, दहा वाजले, ऊन डोक्यावर आलं. तू येणाऱ्या प्रत्येक टॅक्सीत वाकून बघतेस. बारा वाजता समोरच्या बकाल्यातून, त्या किराणा दुकानातून, तू त्यांच्या कंपनीत फोन लावलास. अंकल एअरपोर्टला निघून गेले होते. तू माझ्याकडे न बघता म्हणालीस, "माझंच चुकलं. मी नीट बोलले नाही."

पुढचे नऊ दिवस. पठाण शुद्धीवर येईना. तू रोज सकाळी पप्पांना भेटायचीस आणि संध्याकाळी इस्पितळात त्या पठाणाच्या भावाला पेज नेऊन द्यायचीस, पठाणाच्या खाटेशी उभी राहून प्रार्थना करायचीस. मला याचा संताप यायचा. पुढच्या शुक्रवारी तिथले पाळकसाहेब सगळ्यांदेखत तुला म्हणाले, "बाई, विश्वास आणि बातमी यात फरक ठेवत जा." तू खाली मान घालून ऐकलंस. दहाव्या दिवशी पठाणाने डोळे उघडले आणि पप्पा सुटले. लंगडत आले. महिन्याभरात पायाची दोन बोटं कापावी लागली. पुढे ते कुणालाही हसत सांगायचे, "हिच्या साक्षीनं माझी दोन बोटं खाल्ली!" तू पण हसायचीस. ऑपरेशनच्या दिवशी मी तुला विचारलं होतं, कुठे गेला होता तुझा देव? तू म्हणालीस, "त्याच्या ऐकण्यात चूक नव्हती गं. माझ्या बोलण्यात होती."

नव्हती, आई. त्या शुक्रवारी भक्ती संपल्यावर तू चहाचे कप भरत होतीस. अंकल माझ्याकडे आले. "काय गं पोरी, पप्पा आले का मग घरी?" मी म्हणाले, "Yes, uncle." "मग आज भक्तीला कसे नाहीत?" "He is resting." त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला, "देव चांगला आहे," म्हणाले, आणि सामान बांधायचं राहिलंय म्हणून चहा न घेताच गेले. 'नाही आले' म्हटलं तर अविश्वास होईल, आणि माझ्या एका शब्दाने पप्पा आतच राहतील, अशी मला भीती वाटली. शनिवारी त्या फाटकाशी उभी असताना दहा वाजताच मला सगळं कळलं होतं. मी पाणी पीत राहिले.

त्यानंतर मी प्रार्थनेला बसले ती फक्त तुझ्या समाधानासाठी. लग्नानंतर तेही सोडलं. कुणी विचारलं तर तुझीच गोष्ट सांगायची: माझी आई विश्वास ठेवून बसली आणि बाप पायाची बोटं गमावून आला. तू अंथरुणाला खिळलीस तेव्हा सांगेन म्हणून तीनदा खुर्ची जवळ ओढली. तिन्ही वेळा उशी नीट केली आणि उठले.

तू रागावशील म्हणून गप्प नव्हते. तू तिथल्या तिथे मला माफ केलं असतंस, हे मला पक्कं ठाऊक होतं. आणि मग देवावर रुसून बसायला माझ्याकडे काहीच उरलं नसतं.