थोरल्या जाऊबाईंचं सूप

नगर, मंगळवार, ऑक्टोबर १९७२

सकाळी शाळेत भाषण, दुपारी छापखान्यातून आलेली मुद्रितं तपासली. संध्याकाळी मुलांच्या नव्या रहस्यकथेचं, खर्ड्याच्या किल्ल्यातल्या चोरीचं, शेवटचं प्रकरण एकदाचं संपवलं. प्रकाशकांना दिवाळीआधी हवंय. पण वाचून दाखवू कुणाला?

इतकी वर्षं प्रत्येक प्रकरण आधी थोरल्या जाऊबाईंना ऐकवायचे. त्या तांदूळ पाखडत ऐकायच्या. "चोर किल्लेदारच हाय, व्हय ना?" म्हणाल्या, की मी चिडून पानं फाडायचे. पाखडता पाखडता सूप थांबलं, तरच रहस्य जमलं.

श्रावणात त्या गेल्या.

आज सवयीने स्वयंपाकघरात जाऊन बसले. अख्खं प्रकरण मोठ्याने वाचलं. वेडेपणाच, दुसरं काय? चोर कोण, ते कुणीच ओळखलं नाही. खुंटीवरचं सूप थांबलेलंच होतं.