चार नंबरच्या मुशीचं झाकण

२ जून

ती. मामांस,
शि. सा. न. वि. वि.

तुमची लाडकी भाची रसायनशास्त्राच्या प्रात्यक्षिकात नापास झाली. हसू नका. मॅग्नेशियमची फीत मुशीत जाळायची, आधीचं नि नंतरचं वजन घ्यायचं आणि त्यावरून ऑक्साइडचं सूत्र काढायचं, तोच प्रयोग आला. मला मिळालेल्या चार नंबरच्या मुशीच्या झाकणाचा टवका उडालेला. तिथून पांढरा धूर निसटत राहिला आणि मॅग्नेशियम-ऑक्सिजनचं प्रमाण एकास एक यायचं ते तीनास दोन आलं. शेजारणींनी उत्तरावरून उलटी वजनं मांडली. मी तुमचं ऐकलं: काटा दाखवेल तेच लिहायचं.

परीक्षक म्हणाले, झाकण तूच फोडलंस, फूटतुटीच्या वहीत नोंद नाही. गेल्या वर्षापर्यंत प्रयोगशाळा तुमच्याच ताब्यात होती. झाकण आधीपासून तसंच होतं, एवढ्या दोन ओळी लिहून पाठवा. पंधरा तारखेच्या आत त्या ओळी जोडून फेरतपासणीचा अर्ज गेला नाही तर कॉलेजची जागा हातची जाईल. आई म्हणते, मामा आहे ना, मग कशाला जिवाला घोर?

पत्राकडे डोळे लावून बसलेली,
तुमची भाची

१८ जून

चि. भाचीस,
अनेक आशीर्वाद.

उशीर झाला. तीनदा लिहिलं, तीनदा फाडलं. झाकण माझ्याच हातून पडलं, सात वर्षांपूर्वी. वहीत लिहायची लाज वाटली, म्हणून टवका भिंतीकडे करून कपाटात ठेवून दिलं. मग ती मूस ज्याच्या वाट्याला यायची त्याच्या कानात मीच सांगायचो, एकास एक आण. तुला मात्र घरी तत्त्वं पाजली.

पुढच्या महिन्यात शाळा माझा सत्कार करते आहे. अशात हे बाहेर आलं तर तोंड दाखवायला जागा उरणार नाही. पत्र तुझ्यापाशीच ठेव. पोरी, पुढच्या वर्षी परत बस.

माया पातळ करू नकोस.
तुझा मामा

२५ जून

मामांस,
नमस्कार.

पत्र पोचलं. जागा गेली. पंधरा तारीख तुम्हाला ठाऊक होती, खरं बोलावंसं वाटलं ते अठराला. मला तुमचा राग येतो, आणि तुमच्यावर विश्वास ठेवला याचा त्याहून जास्त. आईला अजून काही बोलले नाही. ती सत्काराला काय घालायचं ते ठरवते आहे.

काल शाळेत जाऊन फूटतुटीची वही मागून घेतली. लिहिलं: चार नंबरची मूस, झाकणाचा टवका, मामांच्या हातून, सात वर्षांपूर्वी. खाली तुमचं पत्र चिकटवलं. कुणी उघडून पाहिलं नाही. सत्काराच्या दिवशी ती वही टेबलावर मांडणार आहेत म्हणे, तुमच्या चोख कारभाराचा नमुना म्हणून.

लोभ असावा, असं लिहायला हात धजत नाही.
भाची