अण्णांचं गाऱ्हाणं कॉम्प्युटरात

१८ नोव्हें.
कॉम्प्युटर उठत नाही. काळा पडदा, वर पांढरी अक्षरं: डिस्कमध्ये चुका, दुरुस्ती चालू आहे, वेळ लागेल. लागू दे बाबा. अण्णांच्या आवाजातलं गाऱ्हाणं आहे त्यात.

जत्रा सोमवारी. गावासाठी देवाला गाऱ्हाणं घालायचा मान आमच्या घरचा. अण्णा गेले, आता मुलाचा, म्हणजे माझ्या धाकट्या भावाचा, प्रकाशचा. त्याला ओळ येत नाही एक. वर्षभर आपलं "रेकॉर्डिंग आसा मां!" गेल्या साली अण्णांचं वर्ष झालं नव्हतं, म्हणून चुलतभाऊ बाळाने घातलं. त्याला ते गोड लागलंय.

१९ नोव्हें.
प्रकाश म्हापशाहून रजा काढून आला. दुरुस्ती अकरा टक्क्यांवर. पाच मिनिटं बघितलं नि "हँग झालो हो" म्हणत सरळ भिंतीवरचं बटण बंद. मी ओरडले, अरे, मध्येच बंद करू नको!
"ताये, तुका यातला काय कळता?"
मला काय कळणार! पतपेढीत दिवसभर मी काय चुली फुंकते?
आता कॉम्प्युटर म्हणतो, सुरू करायला काही सापडतच नाही. डब्यातून टक टक. तरी हा दुपारभर बंद-चालू, बंद-चालू.

२० नोव्हें.
बांद्याला दुकानात नेला. मोटरसायकलवर, पिशवीत, सगळे खड्डे दाखवत. दुकानदाराने केबल बदलली, डिस्क काढून दुसऱ्या मशीनला लावली. नाही दिसत. "मेली ही. आवाज येत असताना पुन्हा पुन्हा चालू कोणी केली?" प्रकाश रस्त्यावरच्या गाड्या बघत राहिला. बाहेर पाठवली तर कदाचित काही निघेल. खात्री नाही. जत्रेआधी तर नाहीच.

घरी येऊन मलाच: "तू एक कॉपी काढून ठेवूक होयी होती." चोराच्या उलट्या बोंबा! रेकॉर्डिंग माझ्या फोनमध्ये होतं. फोन भरला म्हणून ते कॉम्प्युटरवर टाकून फोनमधलं पुसलं कोणी?

२१ नोव्हें.
बाळा आला. चहा प्याला, वर पोहे.
"प्रकाशाक जमाचा नाय तर मी आसंय. गावाचा काम अडता नये."
किती काळजी गावाची! यंदाही मान बाळाकडे गेला की परत येत नाही. प्रकाशलाही कळतंय. जेवला नाही.

मला मात्र कोणी विचारलं नाही. जत्रा जवळ आली की अण्णा दारासमोरच्या खळ्यात फेऱ्या मारत गाऱ्हाणं घोकायचे, मी पडवीत नारळ खवायची. सगळं पाठ आहे. शिवेवरचे देव, घराणी, पोटासाठी मुलखाबाहेर गेलेल्यांची ओळ. एकदा अण्णा अडखळले, मीच पुढचं सांगितलं. हसले. "चेडवाक येवन काय उपयोग गो!" मुलगीच ना मी! हसत म्हणाले, पण म्हणाले. अजून जळतं.

२२ नोव्हें.
सकाळी तुळशीला पाणी घालताना तोंडातून आपसूक निघालं. बा देवा म्हाराजा... मग थांबवलं नाही. मोठ्याने, शेवटपर्यंत. गावाने म्हणायचं "व्हय म्हाराजा" सुद्धा मीच म्हटलं.

वळले तर पायरीवर प्रकाश. बघतच राहिला. मग फोन काढला.
"ताये, परत सुरवातीपासून म्हण. रेकॉर्ड करतंय. कोणाक सांगा नको हां."
अंगाचा तिळपापड झाला.
म्हटलं, फोन ठेव. शिकायचं तर पाट घे नि समोर बस. मी म्हणेन, माझ्यामागून म्हण. आणि देवळात कोणी विचारलं तर सांगायचं, ताईने शिकवलं.
"बाळा हसात."
हसू दे.
फोन खिशात घातला. गेला बाहेर.

संध्याकाळ
पाट मांडून ठेवलाय. चहा दोनदा गरम केला. गाडी खळ्यातच आहे, म्हणजे लांब गेला नसेल. गाडीची किल्ली मात्र खुंटीवर नाही. येतो तो पाटावर, की जातो म्हापशाला, बघू.