चौकटीवरची खूण

शिरीष,

मैत्रेयी आत्ताच झोपली आहे, उठवू नकोस. वरण-भात कुकरमध्ये आहे. मी टी. टी. नगरला चाललेय, रविवारची गाडी ठरवायला. मागे तिला आडवं होता येईल अशी हवी. पार्कला न्यायला डॉक्टर लगेच हो म्हणाले. का, ते मी विचारलं नाही. तूही विचारू नकोस.

तिथं आकाशपाळण्यात बसवताना उंची मोजतात. टोपी उंचीत धरत नाहीत, म्हणून तिच्या बुटांत जाड सोल घातलेत. दाराच्या चौकटीवरची तिची खूण दिवाळीपासून हललीच नव्हती. काल मी ती दोन बोटं वर केली. तू पट्टी अगदी काटकोनात धरून मोजतोस, म्हणून तीच म्हणाली, "बाबा यायच्या आत कर."

पुसू नकोस.

वृंदा