हात पोचेल तिथवर

२० जानेवारी, सोमवार

पश्चिमेच्या भिंतीवर, खांद्याच्या उंचीला, नमुन्याचा चौकोन उघडला. दहा सेंटिमीटर बाय दहा. चुन्याचे थर सदतीस, एकूण जाडी चार मिलिमीटर. त्याखाली मूळ गिलावा. घट्ट आहे.

घुमट लहान. बोरीच्या शिवारात, ओढ्याच्या कडेला, भिमाजींच्या कांद्यात उभा. आत एक कबर, नाव कुठेच नाही. शैलीवरून निजामशाहीच्या काळातला असावा. त्यापुढे मी काही म्हणणार नाही. मेहराबीवरचा चुना आपोआप गळलाय, तिथे उठावाचं एक गोल पदक दिसतं. आठ टोकांचा तारा, प्रत्येक पट्टी एकदा दुसरीच्या वरून, एकदा खालून. कुठेही चूक नाही. संगणकावर तो मला बसवायला दोन तास लागले. त्या माणसाकडे कंपास आणि दोरी होती.

भिमाजी म्हणाले, "पहिली लोकर इकली की पीराला चुना, ही आमच्या घरची रीत. मेंढरं गेली, चुना ऱ्हायला." आठ वर्षांपूर्वी यात्रेला गावाने मशीनने पांढरा रंग मारला. वरपासून खालपर्यंत. तेव्हापासून आत सगळं एकसारखं दिसतं.

गवंड्यांसाठी सूचनापत्र लिहिलं: आतल्या चारही भिंतींवरून चार मिलिमीटर चुना खरवडून काढायचा, काम वरून खाली. माझे वरिष्ठ सुदर्शन सर, त्यांनी पुण्याहून होकार दिला. सही माझी. एकटीच्या जबाबदारीचं हे पहिलं काम.

२१ जानेवारी

काम सुरू. भिकाभाऊ आणि त्यांचे दोन गवंडी. पश्चिमेचा वरचा पट्टा पुरा. विशेष काही नाही.

२३ जानेवारी, गुरुवार

तीन भिंतींचे वरचे पट्टे झाले. पूर्वेची भिंत बाकी.

संध्याकाळी जमिनीवरची भुकटी चाळली. नेहमी चाळते. तिच्यात निळे कण. थोडे तांबडेही. भिंगाखाली धरले— निळा चुन्यात मिसळलेला वाटत नाही, वेगळा थर वाटतो. पण गावाकडे चुन्यात नीळ घालतातच. माझ्या आजोळीही घालायचे. तेच असणार.

मग तांबडं कशाचं?

२४ जानेवारी

सकाळी भिमाजींच्या आईकडे गेले. कुशाबाई, ऐंशीच्या पुढच्या. ओट्यावर लसूण सोलत होत्या. चुना त्याच लावायच्या, त्यांच्याआधी त्यांच्या सासूबाई.

"नीळ घालायचात का चुन्यात?"

"नाय बाई. पीराला पांढराच."

"आणि वर? शिडी लावून?"

त्या हसल्या. "शिडी? पीर खाली निजलाय आन् आपण त्याच्या डोक्यावर चढायचं व्हय? हात पोचंल तितका लावायचा. केकताडाच्या वाखाचा कुंचला, हात वर, झालं. माझी सासू उंच व्हती, तिचा चुना दोन बोटं वर जायचा. त्यावरनं पण मला बोलायची."

मी टेप घेऊन परत आले. कुशाबाईंचा हात कुंचल्यासकट एक मीटर ब्याण्णव. चुन्याचा शेवटचा थर संपतो तिथे एक मीटर शहाण्णव. त्याच्या वर फक्त मशीनचा एक थर, कागदाइतका. त्या कागदाइतक्या थराखाली सरळ मूळ काम.

आम्ही तिथूनही चार मिलिमीटर काढले.

नमुना मी घेतला तो माझा हात आरामात पोचतो तिथे. बायका चुना लावायच्या त्याच पट्ट्यात. वर एकही चौकोन उघडला नाही.

काम थांबवलं.

२५ जानेवारी, शनिवार

परांचीवर चढून पूर्वेच्या भिंतीचा वरचा कोपरा मी स्वतः उघडला. सर्जिकल पातं, ओला कापूस, तीन तास, तळहाताएवढी जागा.

रंगकाम आहे. निळ्या जमिनीवर तांबड्या रेषेची वेल, दर दोन पानांमागे मोत्याएवढा पांढरा ठिपका. वेल अंदाजाने वळत नाही. वर्तुळांच्या साखळीवर बसवलेली आहे. एका ठिकाणी कंपासच्या टोकाचं भोक अजून आहे. मी त्यात सुई धरून पाहिली. बरोबर मध्यावर.

इतकं सुंदर काही मी कामात कधी पाहिलेलं नाही. हे लिहिताना बरं वाटत नाही.

बारा मीटरचा पट्टा होता. तीन उरला. नऊ मीटर गोणीत भरून बाहेर ठेवलाय.

२६ जानेवारी

सरांना फोन. म्हणाले, "किती गेलं?" सांगितलं.

मग म्हणाले, "लेखी काही पाठवू नकोस. आधी भिकाचं बघू."

"त्यांचं काय?"

"हात जड पडला त्याचा. वय झालंय. असं होतं."

मी सूचनापत्राचा विषय काढला. ते म्हणाले, "तुझं आत्ता सुरू झालंय. नीट विचार कर."

जेवण गेलं नाही. नाडी मोजली, एकशे चार. मोजून उपयोग नाही, तरी मोजली.

२८ जानेवारी, मंगळवार

भिकाभाऊ घोडेगावहून हत्यारं न्यायला आले. ओळंबा, थाप्या, पाती. प्रत्येक पातं पुसून फडक्यात गुंडाळत होते.

"सरांचा फोन आलता, मॅडम. उद्यापास्नं येऊ नको म्हनले. यादीतनं पण नाव काढत्यात."

यादी म्हणजे निधी देणाऱ्या संस्थेची. जुन्या वास्तूंवर चुन्याचं काम कोणी करायचं, त्यांची. तिच्यातून नाव गेलं की भिकाभाऊंना बंगल्यांचं सिमेंट उरतं. चाळीस वर्षं त्यांनी सिमेंटला हात लावलेला नाही.

मी म्हणाले, "मी बोलते सरांशी."

"ऱ्हाऊ द्या," ते म्हणाले. माझ्याकडे पाहिलं. मी कॅमेऱ्याची बॅटरी काढून परत घातली.

भिमाजी बांधावरून म्हणाले, "बाई, तुमचं मशीन घुमटाचा एक्सरे काढतं म्हनं. म्हातारीला एक शब्द इचारायला कंचं मशीन लागतं?"

कुशाबाईंनी त्यांना गप्प केलं आणि मला चहा दिला. तेच जड गेलं.

२९ जानेवारी

झोप नाही.

३० जानेवारी, गुरुवार

सरांनी अहवालाचा मसुदा पाठवला. पान चार: "गवंड्याने सूचनेकडे दुर्लक्ष करून प्रमाणाबाहेर खरवडल्याने पट्ट्याची हानी झाली." खाली माझ्या सहीची जागा. उद्या पाचपर्यंत हवा.

वाक्य चूक आहे. सूचना चार होती, त्यांनी चारच काढले. कॅलिपर लावून मी स्वतः मोजलंय. आयुष्यात इतकं अचूक खरवडकाम मी पाहिलेलं नाही.

दुपारभर घुमटात बसले. उन्हाची तिरीप पूर्वेच्या कोपऱ्यावर आली तेव्हा निळा रंग पाच मिनिटं उजळला. बाकीच्या तीन भिंती कोऱ्या, गुळगुळीत.

सरांच्या वाक्यात "दुर्लक्ष" या शब्दापाशी मी अडकले आहे. ते झालंय. भिकाभाऊंकडून नाही.

३१ जानेवारी, शुक्रवार

मंगळवारी एकवीस तारखेला, काम सुरू होऊन तास झाला नव्हता, तेव्हा भिकाभाऊ परांचीवरून खाली आले. तळहातावर निळसर भुकटी होती. म्हणाले, "मॅडम, वर चुना लागतच नाय. नुसती साल निघाली की गिलावा. थांबू का?"

मी लॅपटॉपवर मेहराबीवरचा तारा नीट करत होते. मान वर न करता म्हणाले, "कागदावर चार लिहिलंय ना? चारच काढा."

ते "बरं" म्हणून वर गेले.

हे मी त्या दिवशी इथेसुद्धा लिहिलं नाही. आज अहवालात लिहिलं. त्यांचा प्रश्न, माझं उत्तर, वेळ सकाळी नऊ पन्नास. सही केली. चार वाजून दहा मिनिटांनी सरांना आणि संस्थेला, दोघांनाही पाठवलं.